पगार तासाचा, पण कोणत्या तासाचा? वैमानिकांचं वेतन आणि ड्युटी, कंपनीगणिक

प्रश्न असा आहे: एका विमान कंपनीत तासाचा दर मोठा आहे, दुसरीत महिन्याचा ठरलेला पगार आहे, तिसरीत पगारासोबत घर आणि मुलांची फी मिळते. मग वैमानिकाला खरे पैसे कुठे जास्त मिळतात, आणि त्यासाठी महिन्याला किती तास राबावं लागतं?

दरांचा तक्ता पुढे ठेवून याचं उत्तर निघत नाही. आधी त्या कंपनीत कोणत्या तासाचे पैसे मिळतात ते बघावं लागतं. दर त्यानंतर.

वैमानिक महिन्याला ७०-८० तास उडतो असं आपण ऐकतो, ते ब्लॉक तास असतात. विमान उड्डाणासाठी जागेवरून हललं की ब्लॉक सुरू होतो आणि उतरून पार्किंगमध्ये थांबलं की संपतो. त्याआधीचं रिपोर्टिंग, हवामान आणि इंधनाचा हिशोब, विमानाभोवतीची तपासणीची फेरी, दोन उड्डाणांमधला टर्नअराउंड (पुढच्या फेरीची तयारी), धुक्यामुळे गेटवर बसून काढलेला वेळ, हॉटेलातली रात्र, यातलं काहीही ब्लॉकमध्ये धरत नाहीत. लहान पल्ल्याच्या कामात ८० ब्लॉक तासांमागे साधारण १३० ते १६० तास ड्युटी होते. चार-चार दिवसांच्या ट्रिपा असतील, तर घराबाहेरचा वेळ महिन्याला ३०० तासांच्याही वर जातो. कायद्याची मर्यादा ड्युटीला एक आणि उड्डाण तासांना दुसरी असते. पगार मात्र बहुतेक ठिकाणी ब्लॉकला बांधलेला असतो. या दोहोंमधल्या फटीत वैमानिकाचा किती वेळ फुकट जातो, तिथे एक कंपनी दुसरीपेक्षा वेगळी ठरते.

एक साधा दिवस घेऊ. रिपोर्टिंग पहाटे ५:३०, पहिलं उड्डाण ६:३०, एकूण चार सेक्टर, म्हणजे चार उड्डाणं, प्रत्येकी १ तास २० मिनिटांचा ब्लॉक, मधे चाळीस मिनिटांचे तीन टर्नअराउंड. शेवटचं विमान १३:५० ला थांबतं, कागदपत्रं आवरून ड्युटी १४:२० ला संपते. ड्युटी ८ तास ५० मिनिटं, ब्लॉक ५ तास २० मिनिटं. आता याच दिवसात तिसऱ्या सेक्टरआधी तीन तासांचा खोळंबा झाला असं धरा. ड्युटी ११ तास ५० मिनिटांवर गेली, ब्लॉक तेवढाच राहिला. निव्वळ ब्लॉकवर पैसे देणाऱ्या कंपनीत ते तीन तास वैमानिकाच्या खिशातून गेले.

हाच दिवस नियमांच्या बाजूनेही पाहण्यासारखा आहे. युरोपीय नियमांत उड्डाण ड्युटीची, म्हणजे रिपोर्टिंगपासून शेवटचं विमान थांबेपर्यंतची, मर्यादा रिपोर्टिंगच्या वेळेवर आणि सेक्टरांच्या संख्येवर ठरते. सकाळी ६ ते दुपारी १:२९ या वेळेत सुरुवात असेल आणि एक-दोन सेक्टर असतील तर १३ तास. पहाटे ५:३० च्या सुरुवातीला ते साडेबारा तास होतात, आणि तिसऱ्या सेक्टरपासून प्रत्येक सेक्टरमागे अर्धा तास कमी होतो. म्हणजे आपल्या चार सेक्टरच्या दिवसाला मर्यादा ११ तास ३० मिनिटं. खोळंब्यानंतर शेवटचं विमान १६:५० ला थांबणार, म्हणजे ११ तास २० मिनिटं. हातात फक्त दहा मिनिटं उरली. त्यात पंधरा मिनिटांचा होल्डिंग, म्हणजे उतरण्याआधी हवेत घिरट्या, लागणार असं दिसलं, की कॅप्टनला आपल्या विवेकाधिकारात मर्यादा वाढवायची की नाही हे ठरवावं लागतं. ही वाढ जास्तीत जास्त दोन तासांची असते. हा अधिकार पूर्णपणे कॅप्टनचा आहे. 'नाही' म्हटल्यावर कंपनी काय करते, हे तिथे आधीपासून काम करणाऱ्यांना जरूर विचारावं. त्या उत्तरातून कंपनीची खरी ओळख होते.

फुकट जाणाऱ्या वेळेवर अमेरिकेतल्या वैमानिक संघटनांनी करारांत जी तोड काढली तिला रिग म्हणतात. ड्युटी रिग म्हणजे, उदाहरणार्थ, दर दोन ड्युटी तासांमागे किमान एक पगारी तास. ट्रिप रिग म्हणजे बेस (वैमानिकाचा नेमून दिलेला विमानतळ) सोडल्यापासून परत येईपर्यंतच्या दर साडेतीन तासांमागे किमान एक पगारी तास. शिवाय प्रत्येक दिवसाचे किमान तास ठरलेले असतात, समजा सव्वापाच. यांपैकी ज्याने जास्त पैसे होतील ते द्यायचे. चार दिवसांची एक ट्रिप घ्या: ब्लॉक १८ तास, घराबाहेर ८० तास. ट्रिप रिगने २२ तास ५१ मिनिटं होतात, किमान दिवसाने २१ तास. पगार २२:५१ चा मिळतो. रिग नसलेल्या कंपनीत तीच ट्रिप १८ तासांची. म्हणजे दुसऱ्या कंपनीचा दर सव्वापट असेल तेव्हा कुठे दोन्ही जवळपास बरोबरीला येतात. रिगचं आणखी एक काम आहे, आणि मला ते पैशांहून मोलाचं वाटतं. वेळ वाया घालवण्याचे पैसे मोजावे लागले, की कंपनीचं शेड्यूलिंग आपोआप सुधारतं. दोन उड्डाणांमध्ये पाच तास रिकामे बसवणं मग तिला परवडत नाही.

मात्र रिग म्हणजे सगळ्यावर उतारा नव्हे. वरच्या खोळंब्याच्या दिवशी दोनास एक ड्युटी रिगने ५ तास ५५ मिनिटं झाले असते, ब्लॉकपेक्षा फक्त ३५ मिनिटं जास्त. तीन तासांच्या बदल्यात एवढंच.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे हमीचे तास, आणि करार वाचताना सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते इथेच. महिन्यात कमी उड्डाण झालं तरी किती तासांचे पैसे मिळतील, तो हा आकडा. अमेरिकेत तो साधारण ७० ते ७५ असतो. भारतात यावरून मोठा वाद झाला तो २०२४ मध्ये. एअर इंडियात विलीन होण्याच्या तयारीत असलेल्या 'विस्तारा' या कंपनीने नवा करार आणला. त्यात ठरलेला पगार ७० ऐवजी ४० तासांचा आणि पुढच्या तासांचे वेगळे पैसे, अशी रचना होती. एप्रिलच्या सुरुवातीला वैमानिक मिळेनात म्हणून कंपनीला बरीच उड्डाणं रद्द करावी लागली. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, महिन्याला ७५ तास उडणाऱ्याला काय फरक पडणार? भरल्या महिन्यात फारसा पडत नाही. पण आजारपणाची रजा, सिम्युलेटरचं प्रशिक्षण, विमान दुरुस्तीला उभं राहणं, मंदीचा हंगाम, यांपैकी काहीही आलं की उत्पन्न थेट ४० तासांवर उतरतं. घराचा हप्ता मात्र तोच राहतो. २०२० च्या महासाथीत उड्डाणं थांबली, तेव्हा करारातला हाच एक आकडा वैमानिकांच्या घरात सगळ्यात आधी जाणवला.

हमीसोबतच स्टँडबायची, म्हणजे बोलावलं तर लगेच निघण्याच्या तयारीत राहण्याची, अट तपासा. युरोपात घरच्या स्टँडबायला १६ तासांची मर्यादा आहे, अमेरिकेत याच प्रकारच्या शॉर्ट कॉल रिझर्व्हला १४ तासांची. त्या वेळात तासा-दोन तासांत विमानतळावर पोचता येईल इतक्या जवळ राहावं लागतं. फोन आलाच नाही तर त्या दिवसाचे किती तास धरतात? काही कंपन्या चार धरतात, काही शून्य. नव्या फर्स्ट ऑफिसरची, म्हणजे सहवैमानिकाची, पहिली काही वर्षं बऱ्याचदा याच स्टँडबायवर जातात, त्यामुळे त्याच्यासाठी हा मुद्दा दराइतकाच मोठा आहे.

आता कायद्याच्या मर्यादा. अमेरिकेतला भाग ११७ हा नियम ४ जानेवारी २०१४ पासून लागू आहे. त्याच्या मागे १२ फेब्रुवारी २००९ चा बफेलोजवळचा कोलगन एअरचा अपघात आहे. त्यात ५० जण गेले. त्या विमानाची फर्स्ट ऑफिसर देशाच्या दुसऱ्या टोकाहून रात्रभर प्रवास करून बेसवर पोचली होती. या नियमात दोन वैमानिकांच्या क्रूला रिपोर्टिंगच्या वेळेनुसार दिवसाला ८ किंवा ९ उड्डाण तास, तीन वैमानिक असतील तर १३, चार असतील तर १७. ड्युटीआधी १० तास विश्रांती आणि त्यात सलग ८ तास झोपेची संधी. २८ दिवसांत १०० आणि ३६५ दिवसांत १,००० उड्डाण तास. युरोपात २८ दिवसांत १००, कॅलेंडर वर्षात ९०० आणि सलग १२ महिन्यांत १,०००. ड्युटी ७ दिवसांत ६०, १४ दिवसांत ११० आणि २८ दिवसांत १९० तास. होम बेसवर आधीच्या ड्युटीइतकी किंवा १२ तास, यांतली जास्त असेल ती विश्रांती. बाहेर हाच हिशोब, पण किमान १० तास.

कायद्याची मर्यादा हे उद्दिष्ट नाही, ती कड आहे. पण कमी खर्चाच्या कंपन्या रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, त्या कडेजवळच बांधतात, आणि मग छोटीशी चूकसुद्धा महागात पडते. सप्टेंबर २०१७ मध्ये रायनएअरने आधी सुमारे २,००० आणि नंतर हिवाळ्यातली आणखी १८,००० उड्डाणं रद्द केली. उड्डाण तासांचं वर्ष एप्रिल-मार्चवरून जानेवारी-डिसेंबरवर न्यायचं होतं, त्यात रजांचं नियोजन फसलं आणि उरलेल्या महिन्यांत वैमानिक पुरेनात. त्याच डिसेंबरमध्ये कंपनीने पहिल्यांदाच वैमानिक संघटनांना मान्यता देण्याची तयारी दाखवली. भारतात नियामकाने जानेवारी २०२४ मध्ये नियम कडक केले: साप्ताहिक विश्रांती ३६ ऐवजी ४८ तास, रात्रीची व्याख्या मध्यरात्रीपासून सकाळी ६ पर्यंत, आणि रात्रीच्या ड्युटीत सहाऐवजी दोनच लँडिंग. हे नियम २०२५ मध्ये दोन टप्प्यांत आले. दुसरा टप्पा नोव्हेंबरमध्ये लागला आणि डिसेंबरमध्ये इंडिगोला हजारो उड्डाणं रद्द करावी लागली, कारण नव्या हिशोबात बसतील इतके वैमानिक रोस्टरवर नव्हते. विश्रांतीचा नियम बदलला की वैमानिकांची गरज लगेच वाढते, आणि पगाराच्या वाटाघाटीत वैमानिकाचं पारडं जड होतं ते अशाच वेळी.

अमेरिकेत हे आणखी स्पष्ट दिसलं. २०१३ पासून प्रवासी कंपनीत फर्स्ट ऑफिसर व्हायलाही एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलटचा परवाना लागतो, आणि त्यासाठी साधारणपणे १,५०० तास. त्यात महासाथीच्या काळात अनेकांनी मुदतपूर्व निवृत्ती घेतली. परिणामी २०२२ च्या जूनमध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या प्रादेशिक कंपन्यांनी पहिल्या वर्षाच्या फर्स्ट ऑफिसरचा दर तासाला ९० डॉलरवर नेला. ७५ तासांच्या हमीने ते वर्षाला ८१,००० डॉलर होतात. मार्च २०२३ मध्ये डेल्टाच्या वैमानिकांनी मंजूर केलेल्या करारात एकूण ३४ टक्के वाढ होती, त्यातली १८ टक्के सुरुवातीलाच. बाकीच्या मोठ्या कंपन्या पुढच्या वर्षभरात त्याच वाटेने गेल्या. मे २०२३ च्या सरकारी आकडेवारीत तिथल्या एअरलाइन वैमानिकांचं मध्यक वार्षिक वेतन २,१९,१४० डॉलर होतं. हा आकडा बघून हुरळून जाऊ नये. त्यात मोठ्या विमानाचा पंचवीस वर्षं जुना कॅप्टन आहे आणि प्रादेशिक जेटचा नवा फर्स्ट ऑफिसरही आहे.

या दोघांमधलं अंतर ठरतं सिनिऑरिटीने. अमेरिकेत आणि बऱ्याच जुन्या राष्ट्रीय कंपन्यांत रुजू झाल्याच्या तारखेवर सगळं चालतं: कोणता बेस, कोणतं विमान, कॅप्टनची जागा कधी, दिवाळीला किंवा नाताळला रजा मिळणार का. कंपनी बदलली की मागची सगळी वर्षं पुसली जातात आणि नव्या यादीत सगळ्यात खालचा क्रमांक मिळतो. त्यामुळे तिथे पहिली मोठी कंपनी निवडणं हा पुढच्या तीस वर्षांचा निर्णय असतो. लवकर कॅप्टन होणं नेहमीच फायद्याचं असतंही नाही. तासाचा दर वाढतो, पण कॅप्टनांच्या यादीत शेवटचा म्हणून पुन्हा स्टँडबाय, पुन्हा शनिवार-रविवारची ड्युटी. ज्येष्ठ फर्स्ट ऑफिसर स्वतःच्या पसंतीच्या ट्रिपा आणि जादा दराची उड्डाणं निवडून काही वेळा नव्या कॅप्टनच्या जवळपास कमावतो आणि घरी जास्त असतो. आखाती आणि अनेक आशियाई कंपन्या मात्र बाहेरून थेट कॅप्टन घेतात. तिथे अनुभव सोबत नेता येतो. पण त्याचा अर्थ असाही, की तुमच्या बढतीची जागा बाहेरच्याने भरली जाऊ शकते.

आखाती कंपन्यांच्या पगाराला प्राप्तिकर नाही, घर किंवा घरभत्ता मिळतो, मुलांच्या शिक्षणाचा खर्च ठरावीक मर्यादेपर्यंत मिळतो. रचना साधारण अशी: मूळ पगार, आणि ठरावीक तासांच्या वर उडाल्यावर तासाचे पैसे. हिशोब करताना मूळ पगार वेगळा काढा, कारण नोकरी सोडतानाची ग्रॅच्युइटी संयुक्त अरब अमिरातीच्या कायद्यात त्यावरच मोजली जाते: पहिल्या पाच वर्षांना वर्षाला २१ दिवसांचा, पुढे ३० दिवसांचा. भत्ते मोठे आणि मूळ पगार लहान असेल तर शेवटी हातात कमी येतं. रात्रीची उड्डाणं इथे जास्त, कारण हब, म्हणजे प्रवासी विमान बदलतात ते मुख्य विमानतळ, तसे बांधलेले आहेत. तीन-चार वैमानिकांच्या क्रूत विमानातल्या बंकमध्ये (झोपायच्या जागेत) घालवलेले तास उड्डाण तासांत आणि पगारात पूर्ण धरतात की कमी, हे लेखी विचारा. लांब पल्ल्यावर महिन्याला यातून मोठा फरक पडतो.

युरोपातल्या कमी खर्चाच्या कंपन्यांचं काम वेगळं आहे. मूळ पगार मध्यम, त्यावर प्रत्येक सेक्टरचे किंवा तासाचे पैसे, वर्षाला ९०० च्या जवळ जाणारे तास, आणि बहुतेक रात्री घरी. रायनएअरची पाच दिवस काम आणि चार दिवस सुट्टी ही पद्धत लोकांना आवडते, कारण रोस्टर महिनोन्महिने आधी सांगता येतो. संसार असलेल्या वैमानिकासाठी ही स्थिरता पैशांत मोजावी अशीच आहे. मात्र पाच दिवसांतले ते दिवस लांब असतात, आणि पहाटेचे सलग पाच रिपोर्टिंग शरीराला सोपे नसतात. करार थेट कंपनीशी आहे की मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीशी, हे आधी बघा. एजन्सीच्या करारात रजा, आजारपण आणि निवृत्तिवेतन यांची जबाबदारी अनेकदा वैमानिकावरच येते, आणि सकृद्दर्शनी मोठा दिसणारा दर त्यातच विरतो.

मालवाहू कंपन्यांमध्ये अमेरिकेतल्या दोन मोठ्या कंपन्या पगाराच्या बाबतीत सर्वांत वरच्या फळीत आहेत. पण भाग ११७ मधून मालवाहू उड्डाणं वगळलेली आहेत. त्यांना जुने नियम लागू आहेत, आणि त्यांत ड्युटीचा दिवस १६ तासांपर्यंत जाऊ शकतो. काम बहुतांशी रात्रीचं, पहाटे दोन ते सहा या वेळेतलं, जेव्हा शरीराची सतर्कता सर्वांत खाली असते. १४ ऑगस्ट २०१३ ला बर्मिंगहॅम, अलाबामा इथे यूपीएसचं मालवाहू विमान पहाटे उतरताना कोसळलं आणि दोन्ही वैमानिक गेले. तपासात थकवा हे एक कारण नोंदवलं गेलं. तरीही ही सूट कायम आहे. खोक्यांचं विमान उडवणाऱ्याला झोप कमी लागते असं कोणतंही शास्त्र सांगत नाही, आणि ही सूट जायलाच हवी असं माझं स्पष्ट मत आहे.

दोन नोकऱ्यांची तुलना करायची असेल तर कागदावर असं मांडा. आधी कंपनीतल्या दोन-तीन जणांकडून खरे रोस्टर मागा, एक गर्दीच्या हंगामातला आणि एक मंदीचा. जाहिरातीतला नमुना रोस्टर उपयोगाचा नाही. प्रत्येक रोस्टरमधले ब्लॉक तास, पगारी तास, ड्युटी तास आणि घराबाहेरचे तास वेगवेगळे काढा. हातात येणाऱ्या रकमेला, म्हणजे कर, विमा आणि निवृत्तिवेतनाचा वाटा जाऊन उरलेल्याला, घराबाहेरच्या तासांनी भागा. दैनंदिन भत्ता उत्पन्नात धरू नका. तो जेवणाखाणाचा खर्च आहे, आणि आजारी पडलात की पहिल्यांदा तोच बंद होतो. बेस राहत्या शहरात नसेल तर ये-जा करण्याचे तास त्यात मिळवा आणि त्या आधीच्या रात्रीच्या खोलीचं भाडं वजा करा.

मग करारातली बारीक कलमं. टाइप रेटिंगचा (ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याच्या पात्रतेचा) खर्च कोणाचा, बाँड किती वर्षांचा आणि तो दरमहा कमी होत जातो की शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण राहतो. नोटीस किती: भारतात कॅप्टनला एक वर्ष आणि को-पायलटला सहा महिने, त्यामुळे नव्या कंपनीची रुजू होण्याची तारीख आधी जुळवून घ्यावी लागते. मेडिकल गेलं तर काय? पहिल्या वर्गाचं मेडिकल दरवर्षी द्यावं लागतं, साठीनंतर (अमेरिकेत चाळिशीनंतर) दर सहा महिन्यांनी, आणि एका तपासणीत उत्पन्न थांबू शकतं. परवाना गमावल्याचा विमा कंपनी देते का, किती रकमेचा, आणि तात्पुरत्या अपात्रतेला तो लागू होतो का, हे पॉलिसी मागून वाचा. आंतरराष्ट्रीय उड्डाणांत बहुवैमानिक क्रूसाठी वयाची मर्यादा ६५ आहे. कॅप्टन व्हायला दहा वर्षं लागणारी कंपनी पंचविसाव्या वर्षी चांगली वाटते, पन्नाशीत तीच गणित बिघडवते.

आणि थकव्याचा अहवाल दिल्यावर त्या दिवसाचे पैसे कापतात का, हे विचारल्याशिवाय सही करू नका. कायद्यानुसार थकलेल्या वैमानिकाने उडू नये. पण अहवाल दिल्यावर पगार जातो अशा कंपनीत माणूस हप्त्यांचा विचार करून उडतो. पगार चालू ठेवून मागाहून शेड्यूलिंग तपासणाऱ्या कंपन्याही आहेत. तिथे दर दहा टक्क्यांनी कमी असला तरी मी तरुण वैमानिकांना तीच निवडायला सांगतो.